बुळबुळीत थराची कमाल

अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून वालधुनी वाहते. मंदिरातला शिलालेख शके 982चा, म्हणजे 1060 सालचा. देऊळ हजार वर्षं टिकलं. नदीचा नाला व्हायला दोन-तीन पिढ्या पुरल्या. बदलापूरकडून येणारी उल्हास नदी नशिबाने थोडी बरी. 1949 साली सिंधी निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, तेव्हा त्याला नाव मिळालं ते तिचंच. पण उन्हाळा लागला की मोहने-कांब्याच्या बाजूला तिच्यावर जलपर्णी माजते. मग यंत्रं येतात, ढीग काठावर पडतात, फोटो छापून येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

जलपर्णी काढली तरी तिचं जेवण पाण्यातच राहतं, ही खरी गोम. जेवण म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. माणूस रोज साधारण 10 ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो, बहुतेक लघवीतून. गटारात युरियाचा अमोनिया होतो. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातून निघालेलं पाणी पेल्यात धरलं तर आरपार दिसेल, पण त्यात अमोनिया भरपूर असू शकतो. 2017च्या केंद्रीय अधिसूचनेत सांडपाणी प्रकल्पांना नायट्रोजनची मर्यादाच घातली नव्हती. 2019 मध्ये हरित लवादाने ती आणायला सांगितली.

नायट्रोजन घालवायचं काम जिवाणू दोन पाळ्यांत करतात. पहिल्या पाळीत हवा खाऊन अमोनियाचं नायट्रेट होतं. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनला सुमारे 4.6 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून ब्लोअर चालू आणि विजेचं बिल फुगलेलं. दुसऱ्या पाळीत हवा नको. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओरबाडतात आणि निरुपद्रवी नायट्रोजन वायू बुडबुड्यांनी उडून जातो. मात्र त्यांना सोबत थोडं सेंद्रिय अन्न लागतं.

अडचण पहिल्या पाळीच्या कामगारांची. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो. यांना एक दिवस, कधी त्याहून जास्त. टाकीत नुसते तरंगत राहिले तर वाढायच्या आत पाण्याबरोबर वाहून जातात. त्यांना पागडीची खोली हवी: एकदा बसले की कुणी उठवू नये.

नदीत ही खोली दगडावर असते. पाय घसरवणारा तो बुळबुळीत थर म्हणजे त्यांची चाळच. 1980च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतल्या हालवार्ड ओडेगार्ड यांच्या चमूने हीच चाळ प्लास्टिकवर वसवली. बोटाच्या पेरापेक्षा लहान नळीचे तुकडे, आत क्रॉससारख्या पट्ट्या. ते पाण्याहून किंचित हलके, त्यामुळे हवेच्या बुडबुड्यांबरोबर टाकीभर घुमत राहतात. थर आतल्या पट्ट्यांवर चढतो, कारण बाहेरचा थर एकमेकांवर आपटून झडतो. थराच्या वरच्या भागाला हवा मिळते, तळाला ती पोचतच नाही. मग एकाच थरात थोड्याफार दोन्ही पाळ्या चालू शकतात! आपल्याकडच्या नव्या गृहसंकुलांच्या प्रकल्पांत अशी नळकांडी सर्रास दिसतात. पण दुसऱ्या पाळीसाठी हवा नसलेली वेगळी टाकी नसेल, तर अमोनिया गेला तरी नायट्रेट बरंचसं उरतं, आणि जलपर्णीला तेही चालतं.

या नदीकाठच्या भागातली दुसरी गोष्ट जास्त कडू. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर 2015 मध्ये हरित लवादाने कारखान्यांचे सामाईक प्रक्रिया प्रकल्प आणि पालिका यांना दंड ठोठावला, म्हणून नदीचं दुखणं निदान कागदावर आलं. रात्री कुठेतरी रसायनांचा टँकर ओतला जातो, ही तक्रार मात्र जुनीच. नायट्रेट करणारे जिवाणू फार नाजूक: आम्लाचा किंवा विषारी रसायनाचा एक लोंढा आला की सगळ्यात आधी ते मरतात, आणि पुन्हा रुळायला कित्येक आठवडे घेतात. तोवर वरून सगळं ठीक दिसतं.

म्हणून प्रकल्पावरचा मुरलेला ऑपरेटर जाळीतून एक नळकांडं काढतो आणि बोटाने चोळून बघतो. आतून तपकिरी, लिबलिबीत लागलं तर परत टाकतो. स्वच्छ, पांढरंशुभ्र निघालं की कपाळाला हात लावतो.