तारीफ-इ-हुसेनशाहीचा चित्रकार

तारीफ-इ-हुसेनशाहीचा चित्रकार : (सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध). अहमदनगरच्या निजामशाही दरबारातील अज्ञातनाम लघुचित्रकार. तारीफ-इ-हुसेनशाही या सचित्र हस्तलिखितावरूनच तो ओळखला जातो. राजाश्रयी चित्रशाळांत आखणी, रंगभरण व सोनेरी काम ही अनेक हातांत वाटलेली असत. त्यामुळे त्याचा एकवचनी उल्लेख केवळ सोयीपुरता समजावा.

पहिला हुसेन निजामशाह (कार. १५५३–६५) याच्या स्तुतिपर हे फार्सी काव्य आफताबी या कवीने रचले. जानेवारी १५६५ मध्ये राक्षस-तागडीच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयानगरच्या रामरायाचा पराभव केला, हा त्यातील मुख्य विषय. त्याच वर्षी हुसेनशाह मरण पावला आणि त्याची बेगम खुंजा हुमायून ही अल्पवयीन मुलगा मुर्तजा याच्या नावाने राज्यकारभार पाहू लागली. प्रसिद्ध चांदबिबीची ही आई. हस्तलिखित तिच्या कारभाराच्या काळात, सुमारे १५६५ ते १५६९ च्या दरम्यान, तयार झाले असे मानतात. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असून त्यात बारा चित्रे अवशिष्ट आहेत. जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली.

दख्खनी लघुचित्रांच्या उपलब्ध नमुन्यांपैकी ही अगदी आरंभीची असल्याने त्यांना विशेष महत्त्व आहे. युद्धप्रसंग व रामरायाचा शिरच्छेद त्यांत चित्रित झाला असला, तरी चित्रकाराचे खरे कौशल्य राणी व तिच्या परिवारातील स्त्रियांच्या चित्रणात दिसून येते. उंचावर नेलेली क्षितिजरेषा व सोनेरी आकाश ही इराणी परंपरेची देणगी होय. चोळी आणि टोकाला गोंडा असलेली लांब वेणी माळव्याकडील चित्रपरंपरेची आठवण करून देते. तर कमरेखालून अंगाभोवती घेतलेले लांब वस्त्र दक्षिणेतील असून, तशी धाटणी लेपाक्षीच्या भित्तिचित्रांतही आढळते. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरलेला दाखविला आहे. संस्कृत साहित्यातील ‘दोहद’ ही कल्पना फार्सी काव्याच्या पानावर उतरावी, यातच दख्खनच्या संमिश्र संस्कृतीची साक्ष मिळते.

शाहाशेजारी राणीला मानाचे स्थान देणारी अशी चित्रे इस्लामी दरबारी कलेत विरळाच. पुढे काही चित्रांतील राणीची आकृती मुद्दाम पुसण्यात वा रंगाने झाकण्यात आली. १५६९ च्या सुमारास मुर्तजाने आईला कैद करून सत्ता हाती घेतली. ही खाडाखोड त्या घटनेशी निगडित असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. चित्रकाराचे नाव लिहिलेच गेले नाही. राणीची प्रतिमा मात्र रंगविली जाऊन पुसली गेली. तरीही तिची जागा चित्ररचनेत स्पष्टपणे जाणवते.

अनाम कलावंतास त्याच्या कृतीवरून नाव देण्याची पद्धत यूरोपीय कलेतिहासात रूढ आहे. कातालोनियातील गॉथिक चित्रकार ‘सेंट जॉर्जचा मास्टर’ हा दीर्घकाळ अशाच नावाने परिचित होता. पुढे १४३७ च्या एका वेदीचित्राच्या करारामुळे तो बर्नात मार्तोरेल असल्याचे निष्पन्न झाले. तेथील नगरांत वेदीचित्रांचे लेखी करार होत व ते दप्तरांत जपले जात, म्हणून हे शक्य झाले. अकबराच्या ग्रंथालयातही पानांच्या समासात चित्रकारांची नावे नोंदविण्याचा प्रघात पडला. अहमदनगरच्या चित्रांना असा आधार लाभलेला नाही. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला व १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. त्यामुळे येथील चित्रकारांचा शोध रेषा, रंग व वेशभूषा यांच्या तुलनेवरच अवलंबून आहे. मुर्तजाचे पॅरिस येथील व्यक्तिचित्र रंगविणाऱ्या कलावंतास ‘पॅरिस चित्रकार’ हे नाव याच पद्धतीने मिळाले. तारीफच्या चित्रकाराने मात्र आपल्या नावाऐवजी दख्खनी चित्रशैलीचा आरंभच मागे ठेवला आहे.