सुट्टीतला ‘बिझनेस कोर्स’ : पैसे भरण्याआधी एवढं तपासा

गोंदिया : दहावी-बारावीची परीक्षा संपली की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. ‘नामांकित विद्यापीठात दोन आठवड्यांचा समर बिझनेस कोर्स. तुमच्या पाल्याची निवड झाली आहे. आजच फी भरा.’ पोरगं हुशार असलं की आई-बापाला वाटतं, संधी हातची जाऊ नये. पण हा कोर्स नेमका काय असतो आणि त्याचा उपयोग किती, हे आधी समजून घेतलेलं बरं.

कोर्समध्ये काय शिकवतात?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं व्हार्टन हे मोठं बिझनेस स्कूल दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठी असे वर्ग घेतं. फी हजारो डॉलर असते. आपल्या देशातही काही खाजगी विद्यापीठं मुलांना वसतिगृहात ठेवून उन्हाळी वर्ग चालवतात. खर्च-नफ्याचा हिशेब, मार्केटिंग, गटाने धंद्याचा आराखडा करणं आणि तो सर्वांसमोर मांडणं, असं साधारण स्वरूप असतं. मुलांना धीटपणा येतो, ओळखी होतात. शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

प्रमाणपत्राने प्रवेश मिळतो का?

नाही. महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. बीबीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. आयआयएम इंदूरच्या बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही वेगळी परीक्षा द्यावी लागते. यापैकी कुठेच उन्हाळी कोर्सच्या प्रमाणपत्राचे गुण धरत नाहीत. परदेशी कॉलेजात अर्ज करताना त्याचा उल्लेख करता येतो, पण म्हणून तिथली जागा पक्की होत नाही.

फी भरण्याआधी काय पाहावं?

• कोर्स विद्यापीठाचा आहे की फक्त जागा विद्यापीठाची? काही खाजगी संस्था मोठ्या विद्यापीठाच्या खोल्या भाड्याने घेऊन आपला कोर्स चालवतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाईटवर कोर्सचं नाव शोधा.
• विद्यापीठ खरं आहे का? बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या वेबसाईटवर असते.
• ‘निवड झाली’ म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असं नाही. फी, राहणं, जेवण, प्रवास असा पूर्ण खर्च लेखी मागा. पैसे परत मिळण्याचा नियमही विचारा.
• कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोन-पे नंबरवर फी भरू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

फुकटात काय शिकता येईल?

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर नववीपासून पुढचे कोर्स आहेत. अकरावी-बारावीचे वाणिज्य विषय आणि आयआयएम बंगळुरूचे व्यवस्थापनाचे कोर्सही तिथे मिळतात. शिकायला पैसे लागत नाहीत. भाषा बहुतेक इंग्रजी असते, ही अडचण मात्र आहे.

मराठीतून वाचायचं असेल तर ई-बालभारतीवरून बारावीचं ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ हे पुस्तक मोफत डाउनलोड करा. त्यात उद्योजकता विकासावर वेगळा धडा आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या ग्रामीण मुला-मुलींसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘आरसेटी’, मोफत प्रशिक्षण देतात. तिथे राहण्या-जेवणाचाही खर्च लागत नाही. दहावीच्या मुलांना मात्र वयामुळे थांबावं लागेल.

गावातही धंदा शिकता येतो

गोंदिया हा राईस मिलचा जिल्हा. सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ द्यावा लागतो. मग उरलेल्या ३३ किलोचं काय होतं? कोंडा कोण विकत घेतो, कणी कुठे जाते, भरडाई आणि हमालीचा खर्च किती येतो? सुट्टीत पोरांनी ओळखीच्या मिलवर जाऊन चार दिवस हे विचारावं आणि वहीत मांडावं. किराणा दुकानात बसणाऱ्याने उधारीची वही तपासावी : माल किती गेला, पैसा किती आला, किती दिवसांनी आला. महागड्या कोर्समध्येही सुरुवात अशाच हिशेबापासून होते.

ऐपत असेल आणि कोर्स खरा असेल तर पोरांना जरूर पाठवा. पण त्यासाठी कर्ज काढू नका, धानाचे पैसे मोडू नका. तो पैसा पुढच्या कॉलेजच्या फीला जास्त कामी येईल.