दीड जीबी संपल्यानंतरचं टपाल

लखनऊहून सीतापूर रस्त्याने उत्तरेला निघालं की बख्शी का तालाब लागतं. इथे हवाई दलाचं ठाणं आहे, तेव्हा बदलीवर येणाऱ्यांत मराठी घरंही आलीच. काही वर्षांत पुन्हा बांधाबांध करायची, मग ब्रॉडबँड कशाला घ्या? घरचा संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. दिवसाला दीड जीबी. ते संपलं की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर उतरतो आणि ‘नेट गेलं’ अशी घरात ओरड होते.

ईमेलपुरतं मात्र ते गेलेलं नसतं. अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याची दिल्ली-मुंबई ही पहिली लीज्ड लाइन जानेवारी १९९१ मध्ये सुरू झाली, ती ९.६ केबीपीएसची. त्याआधी जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या फोनवरून ईमेल जात: पत्रं साठवायची, फोन लागला की एकदम सोडायची. डेटा खातं ते ब्राउझरमधलं मेलचं पान. पत्र बिचारं दहा-बारा केबीचं.

म्हणून थंडरबर्डसारखा मेल प्रोग्राम टाकावा, फुकट मिळतो. खातं आयमॅपने जोडावं, म्हणजे तीच पत्रं मोबाइलवरही राहतात. पहिल्या जोडणीला जपायला हवं, कारण प्रोग्राम वर्षानुवर्षांचं टपाल ओढू लागतो. सिंक्रोनायझेशनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या ३० दिवसांची मर्यादा घालावी आणि ५० केबीहून मोठी पत्रं आपोआप उतरू देऊ नयेत. जीमेल असेल तर ‘ऑल मेल’ फोल्डर वगळावं, नाहीतर त्याच पत्राची दुसरी प्रत येऊन पडते. आणि हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ आहे, हे विंडोजला आधी सांगून ठेवावं. मेलच्या नावाने खडे फोडणाऱ्यांचा डेटा पुष्कळदा विंडोजच्या अपडेटनेच खाल्लेला असतो!

अटॅचमेंटचं गणित वेगळं. मेल मुळात अक्षरांसाठी घडवलेला. फोटोसुद्धा अक्षरांत बदलून जातो आणि साधारण एक तृतीयांशाने फुगतो. ५ एमबीचा फोटो पावणेसात एमबीच्या आसपास जातो. ६४ केबीपीएसवर त्याला चौदा-पंधरा मिनिटं लागतात, तीही लाइन मध्येच तुटली नाही तर. साधं पत्र काही सेकंदांत पोचतं.

तेव्हा पत्रं नेट बंद ठेवून निवांत लिहावीत आणि ‘सेंड लेटर’ करावं. ती आउटबॉक्समध्ये थांबतात, जोडणी झाल्यावर एकदम सोडता येतात. फोटो मात्र आधी लहान करावेत, किंवा दिवसाचा कोटा नव्याने मिळाल्यावर पाठवावेत.