धर्मत्याग आणि सोमाली वारसा

सोमालियाच्या 2012 सालच्या हंगामी राज्यघटनेने इस्लाम हा राज्यधर्म ठरवून अन्य धर्मांच्या प्रचारास मनाई केली असल्याने, आणि कुळाचा आश्रय हाच तेथे व्यक्तीचा मोठा आधार असल्याने, उघड धर्मत्याग करणाऱ्यास राज्य आणि कूळ या दोहोंचेही संरक्षण गमावण्याचे भय असते. तथापि पूर्वजांची मुखोद्गत नामावळी, ‘हेर’ हा परंपरागत रूढिकायदा, ‘गबय’ काव्य आणि 1972 पासून अधिकृतपणे लॅटिन लिपीत लिहिली जाणारी भाषा, हा वारसा केवळ श्रद्धेवर अवलंबून नाही. 1969 साली मोगादिशूत जन्मलेल्या, 2002 मध्ये नेदरलँड्समध्ये इस्लामचा त्याग केलेल्या आणि पुढे तेथील संसदेच्या सदस्य झालेल्या अयान हिरसी अली सोमाली कुलव्यवस्थेच्या कठोर टीकाकार असल्या, तरी त्यांच्या आत्मचरित्राचे पहिले प्रकरण आजीने पाठ करून घेतलेल्या वंशावळीनेच सुरू होते.