बर्फाखालचे मासे

कागलच्या जयसिंगराव तलावाच्या काठी गळ टाकून तासन् तास स्वस्थ बसलेली माणसे आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिली असतीलच. आता कोणी सांगू लागला की, तलावाचे पाणी फरशीसारखे घट्ट झाले, लोक त्यावरून चालत मध्यापर्यंत गेले, त्यांनी पहारीने भोक पाडून आत गळ सोडला आणि जिवंत मासा वर काढला, तर ऐकणारे त्यास थापाड्या म्हणतील. परंतु गोष्ट खरी आहे. मात्र ती कागलची नव्हे. इ. स. १८५२ मध्ये कोल्हापुरास येऊन मिशनचे कार्य सुरू करणारे रेव्हरंड रॉयल वाइल्डर ज्या प्रांतात जन्मले, त्या अमेरिकेतील व्हरमॉंट प्रांती डोंगरांतील तळी दर हिवाळ्यात गोठतात. आणि त्यांपैकी कित्येकांतून ट्राउट नावाचा मासा लोक असाच धरतात.

येथे पहिली शंका ही की, तळे गोठले तर ते तळापर्यंत का गोठत नाही, आणि मासे जगतात कसे? याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक पदार्थ थिजले म्हणजे आकसतात व जड होतात. थिजलेल्या तुपाचा खडा पातळ तुपात टाकला तर तो बुडतो. पाणीही थंड होताना प्रथम आकसते, पण सेंटिग्रेडच्या सुमारे ४ अंशांपर्यंतच. त्याखाली ते उलट फुगू लागते. म्हणून हिवाळा लागला की वरचे गार पाणी जड होऊन खाली बसते आणि खालचे वर येते. असे होता होता सर्व तळे ४ अंशांवर आले, म्हणजे त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते व तेथेच गोठते. गोठताना ते सुमारे एक अकरांश आणखी फुगते, आणि म्हणून बर्फ तरंगतो. त्यावर हिम पडले की तळ्यावर जणू घोंगडी पांघरली जाते, आणि तळाशी ४ अंशांच्या आसपास उष्णमान असलेले पाणी शिल्लक राहते. बर्फ बुडता, तर तो तळाशी साचत गेला असता आणि माशांस ठाव उरला नसता. सृष्टिकर्त्याची ही योजना पाहून आमचे मन नम्र होते.

ट्राउट हा थंड पाण्याचाच मासा होय. त्यास प्राणवायू पुष्कळ लागतो, आणि थंड पाण्यात तो अधिक विरघळतो. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर त्याच्या जवळजवळ निम्माच. यावरून आमच्या तलावात वैशाखात ट्राउट का जगणार नाही, हे ध्यानी येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मासा परदेशांतून आणून काश्मिरात व निलगिरीवर रुजविण्यात आला, तो तेथील थंड पाण्यामुळेच. मात्र काश्मिरात हिवाळ्यात त्याची शिकार बंद ठेवतात, कारण तो त्याच्या विणीचा काळ असतो.

बर्फाखाली मासा मंदावतो, थोडे खातो, आणि आमिषास हळूच तोंड लावतो. म्हणून तेथील मासेमार हात-दीड हात लांबीची आखूड काठी व बारीक दोरा वापरतात. मोठ्या गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडून त्यातील बर्फाचा चुरा झाऱ्याने काढून टाकतात, गळ आत सोडतात, आणि मधूनमधून त्यास हलकेच हिसका देतात. किती मासे धरावे यास कायद्याची मर्यादा असते, व तीही योग्यच. कारण बर्फावर हिम दाट साचले की उजेड आत जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू देईनाशा होतात, आणि उथळ तळ्यातील मासे कधी कधी वसंतापूर्वीच गुदमरून मरतात.

परंतु मासा धरण्याहून अधिक कौशल्य जीव राखण्यात आहे. बर्फ वरून सर्वत्र सारखाच दिसतो, पण तसा असत नाही. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान ४ इंच जाड असल्यावाचून जाणते लोक त्यावर पाऊल ठेवीत नाहीत. पांढुरका बर्फ त्याच्या निम्म्याच बळाचा असतो, आणि ओढा येऊन मिळतो तेथे तो फारच पातळ असतो. म्हणून ते पावलोपावली पहारीने ठोकून पाहतात, वारंवार भोक पाडून जाडी मोजतात, एकटे जात नाहीत आणि जवळ दोर बाळगतात. गळ्यात दोन अणकुचीदार खिळेही अडकवितात. कोणी आत पडलाच, तर ते खिळे बर्फात रोवून ज्या वाटेने आला त्याच बाजूस वर चढतो, आणि उभा न राहता पोटावर सरकत किंवा लोळत दूर जातो. कारण त्या वाटेवरील बर्फाने त्याचा भार एकदा सोसलेला असतो.

आमच्या येथे पाणी गोठत नाही, पण ते फसविते मात्र तसेच. पावसाळ्यात डबक्यावर शेवाळाची हिरवी साय धरते. विहिरीच्या पायऱ्या बुळबुळीत होतात. आणि काल गुडघाभर असलेले नदीचे पाणी आज डोक्यावर जाते. वरून पाहून खोली कळत नाही. विद्यार्थिमित्रहो, अनोळखी पाण्यात काठीने ठाव घेतल्यावाचून उतरू नका, एकटे जाऊ नका, घरी सांगितल्यावाचून तर मुळीच जाऊ नका. सोबती बुडू लागला, तर पोहता न येणाऱ्याने उडी न टाकता मोठ्याने हाक मारावी, आणि काठावर पालथे पडून दोर, धोतर किंवा लांब काठी त्याच्याकडे टाकावी. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलांस पाण्याचे नुसते भय घालू नये. त्यांस पोहावयास शिकवावे, आणि पाण्याची परीक्षा कशी करावी हेही शिकवावे. प्रभूच्या पहिल्या शिष्यांपैकी कित्येक मासेमारच होते. ज्या पाण्यावर पोट भरावयाचे, त्या पाण्याचा स्वभाव ओळखणे हे त्या धंद्याचे पहिले शिक्षण होय.