दुसरं कुलूप कशासाठी?



सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यात पाहुणा ओसरीवर बसतो, घरचा माणूस माजघरात जातो; तिजोरीची किल्ली मात्र एकाच्याच कमरेला. जागा जितकी जोखमीची, तितका पहारा कडक. कारखान्यातही तसंच. उसाची गाडी काट्यापर्यंत सरळ येते, पण तारण साखरेच्या गोदामाला आपल्या कुलपाबरोबर बँकेचंही कुलूप.

आता पैशाची कुलपं संगणकात गेली आहेत. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत काय झालं ते आठवा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरट्यांनी यंत्रणेत शिरून मंजुरी देणारी खोटी व्यवस्थाच उभी केली. बनावट कार्डांवर २८ देशांत काही तासांत पैसे निघाले. १३ तारखेला आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी! मागणारा चोर, 'हो' म्हणणाराही चोराचाच. मग अडवणार कोण?

म्हणून बिल तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच नसावा. नेहमीच्या किरकोळ कामाला एक सही पुरे. पण रक्कम मोठी, वेळ आडवेळेची किंवा खातं नवीन असेल, तर दुसऱ्या माणसानं खात्री केल्याशिवाय पैसे हलू नयेत.

बँक खातं बदलायला समक्ष बोलावलं, तर हेलपाटा पडतो म्हणून कुरकुर करू नका. तो पहारा तुमच्याच उसाच्या पैशावर आहे.