विचार आधी बदलतो की वागणं?

नैराश्यावरच्या थेरपीवर पीएचडी करायची म्हणताय? मग हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही: माणूस बरा होतो, तो नेमका कशामुळे?

आरन बेक यांची बोधात्मक बाजू म्हणते, 'माझ्याच्याने काही होणार नाही' हा विचार मुळाशी आहे. तो तपासा, बदला, मूड सुधारेल. पीटर ल्यूइनसन यांची वर्तनवादी बाजू म्हणते, रोजच्या जगण्यातलं प्रबलन आटलंय, म्हणून माणूस मिटून बसलाय. आधी त्याला हातपाय हलवू द्या.

आता गंमत बघा. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या थेरपीचे भाग सुटे केले. १५० रुग्णांचे तीन गट: एकाला फक्त वर्तन-सक्रियता, दुसऱ्याला त्यासोबत स्वयंचलित विचारांवर काम, तिसऱ्याला पूर्ण थेरपी. पूर्ण थेरपी सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही, सहा महिन्यांनंतरही नाही. शिवाय नकारात्मक विचार तिन्ही गटांत सारखेच बदलले!

म्हणजे वर्तनवादी जिंकले? घाई करू नका. विचार बदलूनच लोक बरे झाले असतील, फक्त त्या बदलाची वाट कृतीतून गेली असेल. किंवा बरं वाटल्यावर विचार बदलले असतील. फक्त आधी आणि नंतर मोजून हा क्रम कळत नाही.

म्हणून प्रपोजल लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवा: 'थेरपी चालते' आणि 'थेरपीमागचा सिद्धांत बरोबर आहे'. दुसरं म्हणायचं असेल, तर विचार, वर्तन आणि मूड उपचार चालू असतानाच पुन्हा पुन्हा मोजावे लागतील.